लिहून ठेवा

एकदिवसीय सामना नावाप्रमाणे एका दिवसात आटोपतो. पुण्यात त्याचे भाकीत मात्र आठ-दहा दिवस चालते. सामना गहुंजेच्या स्टेडियमवर व्हायचा असेल, तर संघ जाहीर झाल्याच्या संध्याकाळी ते सुरू होते आणि नाणेफेकीला संपायला हवे. पण संपत नाही. खेळ सुरू झाला की त्यालाच विश्लेषण म्हणतात आणि सामना उरकल्यावर 'मी म्हटलंच होतं' म्हणतात. माणसे तीच, वाक्येही बहुतेक तीच; क्रियापदाचा काळ तेवढा बदलतो. कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. क्रिकेटच्या पुणेरी कीर्तनात पूर्वरंगातही निरूपण आणि उत्तररंगातही निरूपणच. आख्यान बावीस माणसे गहुंजेला परस्पर उरकून घेतात.

भाकीत हा या गावाचा जुना धंदा आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव चिकटले ते चिकटलेच, आणि अंदाज वर्तवण्याची सवयही गावातच राहिली. वेधशाळा आणि कट्टा यांच्यातला फरक फक्त भाषेचा. वेधशाळा 'तुरळक ठिकाणी', 'हलक्या ते मध्यम' असे शब्द वापरून स्वतःला सांभाळून घेते. कट्ट्यावर नुसती शक्यता वर्तवणे कमीपणाचे मानतात. तिथे थेट 'हरणार' असे सांगतात आणि पुढे 'लिहून ठेवा' असे जोडतात.

या दोन शब्दांमुळे साध्या मताचा दस्तऐवज होतो. ते उच्चारताना तर्जनी समोरच्याच्या खिशाकडे रोखलेली असते, जणू तिथे वही आहे. वही नसते. सांगणाऱ्याला ते माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. लिहून घेणारा कोणी खरोखरच निघाला, तर सांगणारा ताबडतोब 'म्हणजे, विकेट कशी वागते त्यावर आहे म्हणा' अशी दुरुस्ती सुचवतो. ज्या गावात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून जुना कागद दिसला की सोडत नाहीत, त्या गावात इतक्या वर्षांच्या क्रिकेटभाकितांचा एकही कपटा दप्तरी लागलेला नाही. हा योगायोग नव्हे.

भाकीत बहुधा पराभवाचे असते. पुणेकराला भारताने हरावे असे वाटते, असा याचा अर्थ नाही. तो विम्याचा हप्ता आहे. संघ जिंकला तर आनंद होतो, आणि आनंदाच्या भरात कोण काय म्हणाले होते हे कोणी उकरून काढत नाही. संघ हरला तर वाईट वाटते, पण आपण बरोबर ठरल्याचे समाधान पदरात राहते. विजयाचे भाकीत करणाऱ्याला अशी सोय नाही. संघ हरला की त्याला दुःख एकट्याने सोसावे लागते आणि वर सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे विजयाचे भाकीत फक्त कॉलेजातली मुले आणि टीव्हीवरचे माजी खेळाडू करतात. पहिल्यांना अनुभव नसतो आणि दुसऱ्यांना मानधन असते.

या पराभववादाला इतिहासाचा भक्कम आधार आहे, आणि आधार असल्याशिवाय पुण्यात निराशही होता येत नाही. मार्च १९४९ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. तो सात दिवस चालला आणि दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा आधीही झाल्या नव्हत्या आणि नंतरही झाल्या नाहीत. त्यातल्या १०११ महाराष्ट्राच्या. आणि महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. हजारावर धावा करून, त्याही घरच्या मैदानावर, आणि तेही मुंबईकडून हरलेल्या गावाला पुढे साडेतीनशेचा डोंगर 'सेफ' वाटेनासा झाला, यात नवल नाही. त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १९४८ मध्ये, पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर पोचले होते. ब्रॅडमनच्या ४५२ या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, आपल्या संघाची जास्त शोभा नको म्हणून सामना सोडून दिला. प्रतिस्पर्धी मध्येच उठून घरी जाईल, ही शक्यता तेव्हापासून पुण्यातल्या कोणत्याही भाकितात गृहीत धरावी लागते.

एकदिवसीय क्रिकेट पुण्यात आले ते ५ डिसेंबर १९८४ रोजी, स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर. भारत तेव्हा विश्वविजेता होता. वेंगसरकरांनी १०५ धावा केल्या, इंग्लंडच्या माइक गॅटिंगने नाबाद ११५ केल्या, आणि विश्वविजेते चार गड्यांनी हरले. पुढे मैदान बदलले. गहुंजेचे नवे स्टेडियम २०१२ मध्ये खुले झाले. आराखडा लॉर्ड्सचा माउंड स्टँड करणाऱ्या हॉपकिन्स यांच्या वास्तुविशारद कंपनीचा. तिथला पहिला एकदिवसीय सामना १३ ऑक्टोबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला, भारत ७२ धावांनी हरला. पहिली कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये, पुन्हा ऑस्ट्रेलियाविरुद्ध; ती ३३३ धावांनी गेली. थोडक्यात, घर कोणतेही असो, वास्तुशांत पराभवाने होते. डिसेंबर २०१२ मध्ये गहुंजेलाच वीस षटकांचा सामना भारताने इंग्लंडविरुद्ध जिंकला होता खरा, पण वीस षटकांना पेठेतले जाणकार क्रिकेट मानत नाहीत, त्यामुळे तो पुराव्यात धरत नाहीत.

तरीही आकडे कोणी मोजलेच, तर पराभववाद्याची पंचाईत होते. २०२३च्या विश्वचषकापर्यंत भारत गहुंजेला आठ एकदिवसीय सामने खेळला आणि त्यातले पाच जिंकला. हे वाक्य कट्ट्यावर उच्चारून पाहिल्यास 'त्यातले खरे किती?' असा प्रश्न येतो. जिंकलेल्या पाचांपैकी दोन कोविडच्या काळात रिकाम्या मैदानावर जिंकले, म्हणून बाद. एक न्यूझीलंडविरुद्ध, पण तो खेळपट्टीच्या भानगडीचा, म्हणून अर्धा. एक बांगलादेशविरुद्ध, म्हणून पाव. उरतो एक. तोही 'केदार जाधवमुळे'.

प्रतिस्पर्धी कोण आहे, याला भाकितात फारसे महत्त्व नसते. समोर ऑस्ट्रेलिया असेल तर आपण हरणार, कारण ते ऑस्ट्रेलिया आहेत. समोर लिंबूटिंबू संघ असेल तर आपण गाफील राहणार, म्हणून हरणार. या दुसऱ्या प्रमेयाची सिद्धता नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी झाली. विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. सामन्याचे भाकीत करावे, इतपतही तो कोणाला वाटला नव्हता. केनियाने १६६ धावा केल्या. विश्वचषक दोनदा जिंकलेला संघ ९३ धावांत गुंडाळला गेला. ब्रायन लारा आठ धावांवर यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन परतला. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेने आपला मान राखला. त्या दिवसापासून समोरचा संघ दुबळा असला आणि एखादा मुलगा 'आज तर एकतर्फी आहे' म्हणाला, की बाकावरचे ज्येष्ठ गृहस्थ चहाचा घोट घेऊन 'केनिया' एवढेच म्हणतात. वाद तिथे संपतो.

भाकिताचा सर्वांत अभ्यासू भाग खेळपट्टीचा. घरच्या बाल्कनीत कोथिंबीर न उगवलेला माणूस काळी माती, लाल माती, पाण्याची शेवटची पाळी आणि रोलर किती फिरला यांवर वीस मिनिटे बोलू शकतो. हे ज्ञान टीव्हीवरच्या त्या दृश्यातून आलेले असते, ज्यात एक माजी खेळाडू उकिडवा बसून खेळपट्टीच्या भेगेत किल्ली खुपसतो. गहुंजेच्या खेळपट्टीबद्दल कट्ट्यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, 'पाटा आहे, गोलंदाजांची कत्तल होणार.' दुसरा म्हणतो, 'आखाडा आहे, तिसऱ्या ओव्हरपासून वळणार.' दुसऱ्या पंथाचा पुरावा कसोटीतला: २०१७ मध्ये स्टीव्ह ओ'कीफने तिथे बारा बळी घेतले आणि २०२४ मध्ये मिचेल सँटनरने तेरा. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघेही पाहुणे. पहिल्या पंथाचा पुरावा एकदिवसीय सामन्यांचा. २०२३च्या विश्वचषकापर्यंत गहुंजेला असे बारा सामने झाले, त्यांत पहिल्या डावाची सर्वांत छोटी धावसंख्या २३० आणि सर्वांत मोठी ३५७. बाराही डावांची सरासरी काढली तर ती बिनचूक ३०४ येते. अपूर्णांकसुद्धा उरत नाही. एवढी गुळगुळीत सरासरी पाहून माणसाचा शास्त्रावर विश्वास बसतो. पण बारा सामन्यांत ३०४ ही धावसंख्या एकदाच झाली, आणि तीही पहिल्याच सामन्यात, म्हणजे जेव्हा सरासरी काढायला काही नव्हतेच. नंतर ३०६ करणारा बांगलादेश हरला आणि २८३ करणारा वेस्ट इंडीज जिंकला.

खेळपट्टीनंतर नाणेफेक. त्यावर अमृततुल्याच्या दुकानात होणाऱ्या संवादाचा नमुना असा:

"काय काका, काय वाटतं उद्या?"

"वाटायचं काय त्यात? टॉस हरलो की संपलं."

"आणि जिंकलो तर?"

"तर हा फिल्डिंग घेणार. म्हणजे तेच."

'हा' म्हणजे भारताचा कर्णधार. पुणेरी भाकितात कर्णधाराला नाव नसते. सर्वनाम पुरते, आणि पदावर कोण आले-गेले याने वाक्य बदलावे लागत नाही. काकांचे म्हणणे निराधार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना ४३ धावांनी गमावला. मात्र जानेवारी २०१७ मध्येही भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षणच घेतले होते आणि इंग्लंडचे ३५० पार केले होते. मार्च २०२१ मधली इंग्लंडविरुद्धची तीन सामन्यांची मालिका पूर्ण गहुंजेला झाली. इंग्लंडने तिन्ही वेळा नाणेफेक जिंकली, तिन्ही वेळा क्षेत्ररक्षण घेतले आणि मालिका २-१ ने गमावली. आता मूळ हिशेब: त्या बारा सामन्यांपैकी आधी फलंदाजी करणारे सहा जिंकले आणि नंतर करणारेही सहा. इतकी तंतोतंत वाटणी भाऊबंदकीच्या खटल्यातही होत नाही. या आकड्यावरून खरे तर एवढेच सिद्ध होते की गहुंजेला नाणेफेकीने काही ठरत नाही. कट्ट्यावर मात्र दोन्ही पक्ष याच आकड्यावरून आपलेच बरोबर असल्याचे सांगतात, आणि दोघांकडेही सहा-सहा साक्षीदार असतात.

नाणेफेकीच्या पोटात दव असते. दव हा भाकिताला मिळालेला अलीकडचा सर्वांत उपयुक्त शब्द आहे. तो टीव्हीवर दिसत नाही, धावफलकावर येत नाही, आणि 'पडलं असतं तर' आणि 'पडलं म्हणून' या दोन्ही बाजूंनी वापरता येतो. दवाची मोजणी करण्याची कोथरूडची पद्धत अशी: सामन्याच्या दिवशी पहाटे फिरायला जाताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघड्यावर ठेवलेल्या ॲक्टिव्हाच्या सीटवरून तळवा फिरवायचा. तळवा ओला झाला तर संध्याकाळी चेंडू हातातून निसटणार. सीट कोथरूडला, मैदान पवनेकाठी वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्ये टेकड्या. सीट सकाळची, डाव रात्रीचा. पण वेधशाळासुद्धा फुगे सोडूनच अंदाज बांधते, त्यामुळे तत्त्वतः हरकत घेता येत नाही.

संघनिवडीवर मात्र भाकीत खरे रंगते, कारण तिथे दोष देण्यासाठी माणसे मिळतात. प्रत्येक पुणेकराकडे स्वतःचा अकराजणांचा संघ तयार असतो. त्यात दहा जण निवड समितीचेच असतात. फरक अकराव्यात असतो, आणि तो अकरावा शक्यतो पीवायसी किंवा डेक्कन जिमखान्याच्या नेटवर कधीतरी दिसलेला असतो. या आग्रहाला टवाळखोर स्थानिक अभिमान म्हणतात. पण तो आग्रह १५ जानेवारी २०१७ रोजी खरा ठरला. इंग्लंड ३५० वर थांबले, भारताचे चार गडी ६३ धावांत परतले, आणि पराभववादी समाधानाने उठून हात धुवायला गेले. ते परत आले तोवर पुण्याचा केदार जाधव कोहलीबरोबर दोनशेची भागीदारी करत होता. त्याने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, कोहलीने १२२, आणि भारत अकरा चेंडू राखून जिंकला. सामन्याच्या आदल्या रात्री केदारचे शतक कोणी सांगितले होते, याची चौकशी केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या प्रत्येक वाड्यात किमान दोघे सापडत होते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध केदार अकरांत नव्हता. कोहलीने शतक केले, बुमराहने चार बळी घेतले, आणि तरी सामना गेला. एका प्रयोगात केदार होता आणि विजय मिळाला. दुसऱ्यात नव्हता आणि पराभव झाला. भौतिकशास्त्रात यापेक्षा कमी पुराव्यावर नियम मांडले गेले असतील. मधे ऑक्टोबर २०१७ मध्ये केदार खेळलेला न्यूझीलंडविरुद्धचा सामनाही भारताने जिंकला, त्यामुळे तर सिद्धांताला आव्हानच उरले नाही. पुढे केदारची जागा ऋतुराज गायकवाडला मिळाली. भाकितातली जागा, संघातली नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात त्याने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहा असतात ही अडचण गोलंदाजाने एक नो-बॉल टाकून दूर केली. त्या षटकापासून भारतीय संघाच्या प्रत्येक पराभवाचे एक कारण पुण्यात आधीपासूनच लिहून तयार असते.

स्थानिक अभिमानासाठी इतिहासात मागे जायचे तर सामग्री भरपूर. हृषीकेश कानिटकरने १९९८ मध्ये ढाक्याला, दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना, सकलेन मुश्ताकला चौकार मारला. तो चौकार अजून सीमारेषेच्या बाहेर गेलेला नाही, दर सामन्याआधी पुन्हा निघतो. त्यामागे चंदू बोर्डे, आणि सगळ्यांच्या मागे प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे देवधर महाराष्ट्राचे कर्णधार होते आणि त्यांच्या हाताखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. ज्यांनी हयातभर अनेक दिवसांचे सामने खेळले, त्यांच्या नावाने क्रिकेट मंडळाने १९७३ मध्ये एकदिवसीय स्पर्धा सुरू केली. स्वतः देवधर वयाची शंभरी ओलांडून १९९३ मध्ये गेले. त्यांच्या शहरात वीस षटकांच्या क्रिकेटला नाक मुरडतात, यामागे असे घराणे आहे.

घराण्यातला भाकीतकार एकेरी वाक्य बोलत नाही. त्याचे भाकीत सशर्त असते: "बुमराह चालला, पहिल्या दहांत दोन गेल्या नाहीत, मधल्या ओव्हर्समध्ये स्पिनर्सनी धरून ठेवलं आणि कॅच सुटले नाहीत, तर जिंकू." अटी गाळून घेतल्या तर 'चांगले खेळलो तर जिंकू' एवढा चोथा उरतो. पण अटी हाच तर माल आहे. संघ जिंकला तर अटी पूर्ण झाल्या, हरला तर कुठली अट मोडली हे बोट ठेवून दाखवता येते. भाडेकरारातल्या कलमांवर पोसलेल्या शहराला ही रचना अवगत असावी, हे ओघानेच आले.

अटींत न बसणाऱ्या गोष्टीही घडतात, आणि गहुंजेला त्या जरा जास्तच घडतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या सकाळी एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण दाखवले, खेळपट्टी सांभाळणाऱ्यांना निलंबित करण्यात आले, खेळपट्टीची तपासणी झाली आणि सामना वेळेवर सुरू झाला. आठ दिवस खेळपट्टीवर व्याख्याने दिलेल्यांना त्या दिवशी प्रथमच वाटले की आपण फार कमी बोललो. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध हार्दिक पांड्याचा घोटा स्वतःच्या पहिल्याच षटकात दुखावला आणि राहिलेले तीन चेंडू कोहलीने टाकले. कोहली शतक करील हे सांगणारे खूप होते, आणि त्याने ते केलेही, नाबाद १०३. कोहली गोलंदाजी करील हे सांगणारा एकही नव्हता. भारताच्या डावाच्या शेवटी विजयाला दोन धावा हव्या असताना कोहली ९७ वर होता, आणि लेगच्या बाहेरून गेलेल्या चेंडूला पंचांनी वाइड दिला नाही. मग षटकार आला, शतक झाले, भारत सात गड्यांनी जिंकला. तेवढ्या एका चेंडूवर शहरात दोन आठवडे वाद चालला. उरलेल्या ९९ षटकांतल्या क्रिकेटला मिळून तेवढा वेळ मिळाला नसेल. ९९ हा आकडाही चुकीचा आहे, कारण भारताने ४१.३ षटकांतच काम उरकले होते. ही दुरुस्ती इथे न केल्यास पत्र येते.

प्रेक्षकाचे भाकीत हा वेगळा विषय. संघ जिंकणार का, याच्या आधी 'आपण पोचणार का' हा प्रश्न असतो. गहुंजे पुण्यात नाही. ते मावळ तालुक्यात, द्रुतगती महामार्गाच्या कडेला आहे. मुंबईचा माणूस टोल भरून उतरतो आणि पोचतो. पुण्याच्या माणसाला चांदणी चौक, वाकड, रावेत आणि किवळे अशी चार धामे करावी लागतात. लोणावळ्याच्या लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून पुढे जाता येते, असे कट्ट्यावरचे सर्व जण एकमेकांना सांगतात. तसे गेलेले दोघेतिघे असतात, ते गप्प असतात. सामना सुरू होतो दुपारी दीड किंवा दोनला. ज्या शहरात एक ते चार या वेळात दुकानदार गिऱ्हाइकाला उठवत नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराला, तिथे ही वेळ ठरवणाऱ्याने पुण्याचा विचार केलेला नाही हे उघड आहे. वामकुक्षी आटोपून चारला टीव्ही लावणाऱ्याची पंचवीसेक षटके बुडालेली असतात. तो मात्र बुडालेल्या षटकांबद्दलही बोलू शकतो, कारण त्यांत काय होणार हे त्याने आधीच सांगितलेले असते.

या दृष्टीने मार्च २०२१ची मालिका आदर्श होती. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तिकीट नाही, पार्किंग नाही, पाण्याची बाटली फाटकावर काढून घेणे नाही. स्टेडियमजवळच्या टेकडीवरून अंगावर तिरंगा रंगवलेला एक प्रसिद्ध चाहता सामना पाहत असल्याची छायाचित्रे तेवढी आली. टेकडी चढून तिथून मत देणे हा पुण्याचा नित्यक्रम एका बाहेरच्या माणसाने पाळून दाखवला. क्रिकेट मात्र त्या आठवड्यात अजब झाले. पहिल्या सामन्यात कृणाल पांड्याने पदार्पणातच २६ चेंडूंत अर्धशतक केले. दुसऱ्यात भारताचे ३३६ इंग्लंडने ४३.३ षटकांतच पार केले, बेन स्टोक्स ९९ वर बाद झाला. तिसऱ्यात हरलेला सामना सॅम करनने नाबाद ९५ करून अखेरच्या षटकापर्यंत ओढला आणि भारत सात धावांनी वाचला. 'तिसरा आपण घालवणार' असे ज्यांनी सांगितले होते, त्यांचे भाकीत सात धावांनी चुकले. ते स्वतः त्याला चुकणे म्हणत नाहीत.

सामन्याच्या आदल्या रात्री भाकिते पक्की होतात. ती प्रामुख्याने केशकर्तनालयात, दुधाच्या रांगेत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर होतात. गटावरची मात्र नंतर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतात, म्हणून जाणते लोक तिथेच लिहिणे पसंत करतात. लिहून ठेवण्याचा हा एकमेव प्रकार पुण्यात मान्य आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कर्णधार मैदानात येतात, नाणे उडते, एक जण 'आम्ही गोलंदाजी करू' म्हणतो. त्या क्षणी शहरातली निम्मी सशर्त भाकिते रद्द होतात. उरलेली घरातल्या कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला की थांबतात आणि पहिला चेंडू वाइड पडला की परत सुरू होतात.